एकल्स केक, क्रम्पेट, पार्किन: ब्रिटनबाहेर राहून ब्रिटिश बेकरीची चव कशी मिळवावी

प्रश्न: इंग्लंडमध्ये मँचेस्टरशेजारच्या सॅल्फर्डला बरीच वर्षं राहून आम्ही नोकरीनिमित्त जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आलो. मुलांचं लहानपण तिकडचं. एकल्स केक, क्रम्पेट, गुड फ्रायडेचे हॉट क्रॉस बन, नोव्हेंबरातलं पार्किन यांची आठवण घरात सारखी निघते. इथे बिस्किटांचे पुडे मिळतात, पण त्यावर मुलांचं समाधान होत नाही. हे पदार्थ मिळतात कुठे? की घरीच करावे लागतील?

उत्तर: पुडे मिळतात आणि बाकीचं मिळत नाही, यामागचं कारण कळलं की अर्धी शोधाशोध वाचते. ब्रिटिश बेकरीत दोन जातींचा माल असतो. एक टिकणारा: शॉर्टब्रेड, डायजेस्टिव्ह, जिंजर नट, फ्रूट केक, ख्रिसमस पुडिंग. कुठे ओलावा जवळजवळ नसतो, कुठे साखर आणि सुकामेवा भरपूर असतो, म्हणून हा माल महिनोन्‌महिने टिकतो आणि बोटीने जगभर जातो. दुसरी जात त्याच दिवशी खाण्याची: स्कोन, एकल्स केक, कस्टर्ड टार्ट, पेस्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजीच म्हणा). पहाटे भाजलेलं दुपारपर्यंत संपावं, अशाच हिशेबाने ते केलेलं असतं. पाकिटात भरून पाठवलं की पापुद्रे मऊ पडतात आणि लोण्याचा वास जातो. तुमची मुलं ज्याची आठवण काढतात तो बहुतेक या दुसऱ्या जातीचा माल आहे, आणि तो जर्मनीतल्या दुकानात सहसा शोधून सापडायचा नाही.

मी लँकशरमधल्या बेकरीत काम शिकले आणि आता नेदरलँड्समध्ये भाजते. त्या अनुभवावरून सांगते: टिकणारं असेल ते विकत घ्या, ताजं खायचं ते घरी भाजा, आणि शोधायचा तर कच्चा माल शोधा. तो जर्मनीत जवळजवळ सगळा मिळतो, फक्त वेगळ्या नावाने आणि दुकानाच्या वेगळ्या कोपऱ्यात.

आधी विकत घेण्याचं बोलू. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात येताना सामानात किंवा टपालाने मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्याच महिन्यात हूक ऑफ हॉलंड बंदरावर डच अधिकाऱ्यांनी एका ट्रकचालकाचं हॅम सँडविच काढून घेतलं आणि ती चित्रफीत सगळीकडे फिरली. म्हणजे पोर्क पाय, पेस्टी, सॉसेज रोल, क्लॉटेड क्रीम (स्कोनवर घालायची घट्ट साय) हे मँचेस्टरच्या मैत्रिणीला पाठवायला सांगू नका. साधी बिस्किटं, फ्रूट केक, मांस नसलेले केक चालतात. तरीही पार्सल निघण्यापूर्वी जर्मन सीमाशुल्क खात्याचं पान एकदा वाचा, कारण नियम बदलत राहतात. एका घरातून दुसऱ्या घरी पाठवलेली भेटवस्तू ४५ युरोपर्यंत करमुक्त असते. दुकानातून मागवलं तर मात्र पहिल्या युरोपासून कर लागतो.

यावर सगळ्यात सोपी वाट आयर्लंडची. आयर्लंड युरोपीय संघात आहे, तिथून येणाऱ्या पार्सलला सीमाशुल्काचा फेराच नाही. तिथल्या दुकानांत क्रम्पेट, हॉट क्रॉस बन, मिन्स पाय, गोल्डन सिरप (साखरेचा सोनेरी दाट पाक) हे सगळं आपापल्या हंगामात नेहमीच्या मांडणीवर असतं. डब्लिन किंवा कॉर्कमध्ये ओळखीचं कुणी असेल, तर वर्षातून दोन खोकी मागवा. बेल्जियम तुम्हाला जवळ आहे. ब्रसेल्सच्या आसपास ब्रिटिश लोकांची वस्ती मोठी असल्यामुळे तिथे ब्रिटिश किराणा चालतो. शनिवारी गाडी काढून जाऊन यावं इतकंच ते अंतर आहे. ताज्या मालाच्या आशेने मात्र जाऊ नका. मार्क्स अँड स्पेन्सरने २०२१मध्ये फ्रान्समधली ११ दुकानं बंद केली, कारण ब्रिटनमधून ताजं अन्न वेळेवर पोचवणं कठीण झालं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं नाही ते कोपऱ्यावरच्या दुकानाला कसं जमणार?

आता कच्चा माल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ब्रिटिश पाककृती परदेशात फसते ती बहुतेक वेळा इथेच.

पहिलं पीठ. ब्रिटनमधल्या निम्म्या घरगुती केकना सेल्फ रेझिंग पीठ लागतं. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरने १८४५मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जर्मनीत ते सहसा दिसत नाही. १५० ग्रॅम मैद्याला दोन सपाट चमचे बेकिंग पावडर घालून तीनदा चाळलं की झालं. मैदा म्हणजे इथलं टाइप ४०५, केक आणि बिस्किटांसाठी. यीस्टच्या कामाला टाइप ५५० घ्या. जर्मन बेकिंग पावडरच्या एका पुडीवर ५०० ग्रॅम पिठाचं प्रमाण लिहिलेलं असतं. ब्रिटिश स्कोन त्याहून बरेच जास्त मागतात, म्हणून पुड्या मोजू नका, चमच्याने घाला. खाण्याचा सोडा नाट्रोन या नावाने त्याच फळीवर असतो.

दुसरं, करंट. हे बारके काळे मनुके ग्रीसमधल्या एका छोट्या द्राक्षाचे असतात. जर्मनीत कोरिंटेन मागा, हॉलंडमध्ये क्रेंटेन, अमेरिकेत झांटे करंट. शब्दकोशात करंट शोधलंत तर योहानिसबेरन हा शब्द मिळेल. ते आंबट झुडपी फळ आहे, त्याचा एकल्स केक होत नाही. साधे मनुके चिरून घातले तर चालतं, पण गोडी जास्त येते आणि करंटची किंचित तुरट चव जाते. घालायचेच तर त्यात लिंबाची साल किसा.

गोल्डन सिरपला मध हा पर्याय नाही आणि मेपल सिरपही नाही. दोघांची स्वतःची चव एवढी ठाशीव असते की फ्लॅपजॅक, म्हणजे ओटची गोड वडी, खाताना तेवढीच जाणवते. लायल कंपनीचा हिरवा-सोनेरी डबा १८८० च्या दशकापासून चालत आलेला आहे आणि ब्रिटिश किराण्यात हमखास मिळतो. नाहीच मिळाला तर घरी करा. १०० ग्रॅम साखर तीन मोठे चमचे पाण्यात सोनेरी होईपर्यंत तापवा. त्यात जपून ३०० मिली उकळतं पाणी ओता, मग ५०० ग्रॅम साखर आणि लिंबाच्या दोन चकत्या घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवा. लिंबाच्या आम्लाने साखरेचं विघटन होतं, म्हणून पाक बाटलीत पुन्हा दाणेदार होत नाही. काळ्या ट्रीकलच्या जागी इथला बिटाच्या साखरेचा काकवीसारखा दाट सिरप, त्सुकररूबेनसिरूप, चांगला चालतो. अमेरिकेत असाल तर साधं मोलॅसिस घ्या. ब्लॅकस्ट्रॅप नको, ते कडू असतं.

मस्कोव्हाडो साखरेसाठी मात्र मी भारतीय दुकानात जायला सांगेन. मस्कोव्हाडो आणि गूळ दोन्ही उसाचेच, मळी न काढलेले. गडद रंगाचा गूळ किसून किंवा गुळाची पावडर घेऊन पार्किन, जिंजर केक, एकल्स केक बेशक करा. इंग्रज बेकरने चाखून मान हलवावी इतकं ते जमतं. तिथेच कस्टर्ड पावडरही मिळेल. मिक्स्ड स्पाइससाठी दालचिनी, जायफळ, धणे, लवंग, सुंठ आणि थोडं ऑलस्पाइस कुटा. लेबकूखेन या जर्मन मसालेदार केकचा तयार मसालाही जवळचा आहे. साखरेत मुरवलेल्या साली, ओरांजेआट आणि त्सिट्रोनाट, ब्रिटनपेक्षा जर्मनीत चांगल्या मिळतात, आणि मार्झिपानबद्दल, म्हणजे बदाम-साखरेच्या गोळ्याबद्दल, तर बोलायलाच नको. ईस्टरचा सिम्नेल केक, ज्यावर मार्झिपानच्या ११ गोळ्या ठेवतात, तो ल्यूबेकच्या मार्झिपानने केलेला मला जास्त आवडतो.

एकल्स केकची बातच वेगळी, त्यामुळे त्यावर थोडं सविस्तर. एकल्स हे तुमच्या सॅल्फर्डमधलंच गाव. जेम्स बर्च याने तिथे १७९३च्या सुमारास हे केक दुकानात विकायला सुरुवात केली. आत करंट, लोणी, गडद साखर, जायफळ आणि साली. बाहेर पापुद्र्याचं कवच. शेजारच्या चॉर्लीचा केक याचा भाऊ, पण त्याचं कवच खुसखुशीत, पापुद्रे नसलेलं आणि कमी गोड.

घरी करायला २०० ग्रॅम कोरिंटेन, ५० ग्रॅम वितळलेलं लोणी, ७५ ग्रॅम गडद साखर किंवा गूळ, मूठभर साली आणि अर्धा चमचा जायफळ एकत्र करून थंड करा. कवचासाठी तयार शीट घ्यायची असेल तर पाकिटावर बुटरब्लेटरटाइग लिहिलंय ना, ते बघा. साध्या ब्लेटरटाइगमध्ये बहुधा पाम तेल असतं आणि ते टाळूला चिकटतं. आता खरी मेख: एकल्स केक फुगायला नको. पफ पेस्ट्री जशीच्या तशी वापरली तर तो फुग्यासारखा वर येतो आणि सारण तळाशी एकटं पडतं. म्हणून शीटची घडी घालून पुन्हा लाटा. बेकरीत आम्ही कापून उरलेले तुकडे एकावर एक ठेवून लाटायचो, ते यासाठी सगळ्यात उत्तम. वाटीएवढ्या चकतीत चमचाभर सारण ठेवा, कडा गोळा करून बंद करा, उलटं करून लाटण्याने हलकेच दाबा, आतले करंट पृष्ठभागावर दिसू लागेपर्यंत. वर तीन चिरा द्या, अंड्याचा पांढरा भाग लावा, बारीक साखर भुरभुरवा. २०० अंशांवर वीस मिनिटं. चिरांतून थोडा रस बाहेर येऊन कडेला जळायला हवा. तसा जळलेला एखादा थेंब नसेल तर तो एकल्स केक बेकरीतला वाटत नाही. सोबत लँकशर चीज लागतं. ते न मिळाल्यास पांढरं, भुसभुशीत, आंबूस असं कुठलंही कोवळं चीज चालेल. पिवळं चेडर नको.

क्रम्पेटचं म्हणाल तर मराठी स्वयंपाकघराला ते अवघड जाऊ नये. आंबोळीला जाळी पडते त्याच न्यायाने क्रम्पेटला पडते: आंबवलेलं पीठ, मंद आच आणि वरच्या बाजूला उलथनं लावायचं नाही. १५० ग्रॅम टाइप ५५०, १०० ग्रॅम ४०५, पाच ग्रॅम कोरडं यीस्ट, चिमूटभर साखर, चमचाभर मीठ आणि ३५० मिली कोमट दूध-पाणी फेटून तासभर झाका. मग अर्धा चमचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून घाला आणि वीस मिनिटं थांबा. बिडाच्या तव्यावर तेल लावलेली कडी ठेवा. कडी नसतील तर अननसाच्या छोट्या डब्याची दोन्ही झाकणं काढून कडेला नीट घासून घ्या. अर्धं कडं भरेल इतकंच पीठ ओता आणि दहा-बारा मिनिटं बारीक आचेवर राहू द्या. बुडबुडे वर येऊन फुटले आणि तोंड उघडं राहिलं की झालं. बुडबुडे येतात पण भोकं बुजतात, याचा अर्थ पीठ घट्ट आहे. दोन चमचे पाणी घाला आणि पुढचं ओता. तळ करपतो आणि वर ओलं राहतं, तर आच मोठी आहे. हे लगेच खायचे नसतात. गार करून, टोस्टरमध्ये पुन्हा भाजून, भोकांत लोणी उतरेपर्यंत लावायचं. फ्रीजरमध्ये सुंदर राहतात, म्हणून एका रविवारी दोन डझन करून ठेवा.

वेल्श केकही तव्यावरच होतात आणि ओव्हन लागत नाही. मुलांना हाताशी घेऊन करायला याहून चांगलं काही नाही.

पार्किन म्हणजे यॉर्कशर आणि लँकशरचा सुंठ-ओटचा केक, ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरला पेटणाऱ्या शेकोटीचा. त्यात ओटचं भरड पीठ लागतं. जर्मन हाफरफ्लोकेन मिक्सरमध्ये रव्याइतके भरड फिरवून घ्या, पीठ होऊ देऊ नका. सुंठ, सिरप, ट्रीकल, लोणी, आणि १५० अंशांची सौम्य आच. ओव्हनमधून काढल्यावर ते कोरडं आणि कडक लागतं, आणि पुष्कळ जण इथेच निराश होऊन पुन्हा ते करत नाहीत. ते त्याच दिवशी खायचं नसतं. कागदात गुंडाळून डब्यात चार-पाच दिवस ठेवा. सिरपमधली साखर ओल धरून ठेवते, ओट हळूहळू ती शोषतात आणि वडी चिकट-मऊ होते. म्हणून ५ तारखेला खायचं तर ऑक्टोबर संपतानाच भाजा.

हॉट क्रॉस बनना वेगळी सामग्री लागत नाही: ५५० पीठ, दूध, अंडं, मसाला, कोरिंटेन, साली. वरची फुली नुसत्या मैदा-पाण्याच्या दाट पेस्टची असते, साखरेची नाही, आणि ती भाजण्यापूर्वी घालतात. मसाला जास्त झाला तर यीस्ट मंदावतं, विशेषतः दालचिनीने, तेव्हा फुगायला जास्त वेळ द्या आणि घाईने ओव्हनमध्ये ढकलू नका. बाहेर काढल्याबरोबर साखरेचा पाक ब्रशने लावा.

क्लॉटेड क्रीमसाठी इथली साय अपुरी पडते. जर्मन झाहनेत सुमारे ३० टक्के स्निग्धांश असतो आणि क्लॉटेड क्रीमला किमान ५५ टक्के लागतो. स्कोनसोबत मास्करपोने हे मऊ इटालियन चीज थोड्या सायीत सैल करून घ्या. बाटलीतलं निर्यातीचं क्लॉटेड क्रीम मिळतं, पण मला ते शिजवलेल्या दुधासारखं लागतं. मी घेत नाही.

तुमचा मुक्काम पुन्हा हलला, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्रिटिश बेकरीचा ताजा माल आजही भट्टीतून निघतो तो ब्रिटिश कामगार जिथे जिथे जाऊन स्थिरावले तिथे. १८२०च्या दशकात कॉर्नवॉलचे खाणकामगार मेक्सिकोच्या इदाल्गो प्रांतात चांदीच्या खाणींवर गेले. पाचुका आणि रेआल देल मोंते इथे आज पेस्टे नावाने कॉर्निश पेस्टीच विकतात, बटाटा-मांसाची आणि सोबतीला मोले या मेक्सिकन रश्शाची किंवा अननसाचीही. मिशिगनच्या उत्तर टोकाला तांब्याच्या खाणींमुळे तेच घडलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा, कडीना, वॉलरू या गावांतही तेच, आणि तिथे कॉर्निश उत्सव भरतो. अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतात १८६५मध्ये मिमोसा जहाजातून वेल्श वसाहतवाले उतरले. तिथल्या गाइमान गावातल्या चहाघरांत काळा वेल्श केक स्पॅनिश बोलणाऱ्या मुली वाढतात. न्यूयॉर्कला मायर्स ऑफ केझिक हे दुकान १९८५पासून स्वतः पोर्क पाय भाजतं. आणलेलं नसून तिथेच भाजलेलं, हाच माझा दुकान पारखण्याचा एकमेव निकष आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत हॉट क्रॉस बन साध्या सुपरमार्केटात मिळतात. दुबईत वेटरोज हे ब्रिटिश सुपरमार्केट आहे, तिथे फार शोधावं लागणार नाही.

आणि सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा कॅम्पातल्या १९५५च्या कयानी बेकरीची श्रूजबरी मुलांना द्या. इंग्लंडच्या श्रॉपशरमधल्या श्रूजबरी गावाचं नाव घेतलेलं, पण आता पूर्णपणे पुण्याचं झालेलं ते बिस्किट आहे. गावातल्या जुन्या पाककृतींत शहाजिरं, गुलाबपाणी, लिंबू अशा चवी असतात. पुण्याच्यात लोणी बोलतं. वांद्रे आणि पुण्याच्या कॅम्पात गुड फ्रायडेच्या सुमारास हॉट क्रॉस बनही निघतात. सकाळी लवकर जा.

या वर्षीचं म्हणाल तर मिन्समीटपासून, म्हणजे मिन्स पायमध्ये भरायच्या सुक्यामेव्याच्या सारणापासून, सुरुवात करा. बाटलीतलं मिन्समीट मागवताना त्यात गाईच्या चरबीचं सुएट आहे का ते वाचा, असल्यास ब्रिटनमधून येणारं पार्सल अडकू शकतं. वनस्पती चरबीचं निवडा किंवा घरी सुएटऐवजी गार लोणी किसून घाला. ऑक्टोबरात बाटल्या भरल्या की डिसेंबरपर्यंत ते छान मुरतं. ख्रिसमस केक नोव्हेंबरच्या सुरुवातीला भाजून दर आठवड्याला चमचाभर ब्रँडी पाजा. ब्रँडी चालत नसेल तर संत्र्याच्या रसात सुकामेवा भिजवून डिसेंबरच्या मध्यावर भाजा, कारण मद्याविना तो तेवढा टिकत नाही. आणि कोरिंटेन आत्ताच घेऊन ठेवा. जर्मन घरांत स्टोलन या ख्रिसमसच्या गोड पावाची तयारी सुरू झाली की सुक्या मेव्याची फळी भराभर रिकामी होते.